मंगळवार, चार ते सहा

आमच्या घरात एक शब्द बोलायचा नाही, असा कायदा होता. कायदा माझाच. शब्द म्हणजे काही शिवी नव्हे, साधा शब्द, पाळी.

माझे सासरे लवूआप्पा गिरणीत बावीस वर्षं सांचावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, त्यांचं अख्खं आयुष्य त्यात गेलं. गिरणी बंद पडून जमाना झाला, तिथे आता पंचावन्न मजली टॉवर आहे. पण गेल्या दोन वर्षांत आप्पांचं डोकं मागे मागे जायला लागलं. सकाळी काय जेवले ते दुपारी आठवायचं नाही. मला कधी माझ्याच नावाने सीमा म्हणायचे, कधी गेलेल्या सासूबाईंच्या नावाने हाक मारायचे. पाळी हा शब्द कानावर पडला की मात्र झटक्यात उठायचे, खुंटीवरचा शर्ट अंगात घालायचे. "डबो खंय माझो? पाळी चुकतली." आणि निघाले जिन्याकडे. एकदा पार नाक्यापर्यंत पोचले होते. शेजारच्या लक्ष्मीकाकीने बघितलं म्हणून, नाहीतर त्याच दिवशी कारभार आटोपला असता.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना बजावलं. कामाला ड्युटी म्हणायचं. आणि बायकांची असते तिला मी डेट म्हणायचे, तेही आप्पांकडे पाठ करून. माझी मुलगी अपूर्वा, अकरा वर्षांची, सहावीत. तिला डेट म्हणजे काय हे मी अजून सांगितलंच नव्हतं. ते पुढे येईल.

मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर असते, परळला. नवरा सुशांत लिफ्ट दुरुस्तीला. कुठल्या तरी टॉवरमध्ये लिफ्ट अडकली की याला फोन, मग हा कधी येणार ते देवाला ठाऊक. माझी ड्युटी शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. मग रविवारी जेवणं आटोपली की मी भिंतीला टेकून बसायचे, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, हातात फूटपट्टी आणि पेन्सिल. सात दिवस आडवे, तास उभे. पेन्सिल अशासाठी की लॅबवाल्यांचा काही भरवसा नाही, बुधवारी म्हणतील उद्या सकाळी ये.

त्या सगळ्या चौकोनांचा अर्थ एकच होता. आप्पांना एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही. प्रत्येक चौकोनात कोणाचं तरी नाव पाहिजे. सी म्हणजे मी, सु म्हणजे सुशांत, ल म्हणजे लक्ष्मीकाकी. काकी दहा ते सहा बसायची, आप्पांशी पत्ते खेळायची आणि मुद्दाम हरायची. तिची शुगर मी लॅबमधून तपासून आणायचे, एवढाच आमचा व्यवहार. बाई सोन्यासारखी. पण जूनपासून मंगळवारी आणि गुरुवारी तिला चार वाजता माझगावला लेकीकडे जावं लागायला लागलं, नातवाला शाळेतून आणायला. मी घरी पोचणार सहाला. चार ते सहा, दोन चौकोन रिकामे.

मी सुशांतला म्हटलं, "मंगळवार-गुरुवार तू ये."

"कसा येऊ? माणूस अडकलेला असतो लिफ्टमध्ये."

"मग मी काय करू, दोन तास लॅबला टाळं लावू?"

त्याने मोबाईल काढला. त्याचं हे मोबाईल काढणं मला पाठ आहे. म्हणजे आता तूच काय ते ठरव. मी पेन्सिल उचलली आणि दोन्ही चौकोनांत अ लिहिलं. अ म्हणजे अपूर्वा. ती दीडला शाळेतून येते, क्लासला साडेसहाला जाते, मधे घरीच तर असते.

"अगं, ती अकराची आहे," सुशांत म्हणाला.

"अकराव्या वर्षी मी भाकऱ्या थापत होते," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं, पण त्याला गप्प करायलाच बोलले होते. अपूर्वा समोर अभ्यास करत होती. तिने तक्त्यावर आपलं अक्षर बघितलं आणि चक्क खूश झाली. मोठ्या माणसांत नाव आलं ना तिचं. मी तक्त्याखाली लाल पेनाने लिहिलं, बाहेर जाताना कडी. आणि तो कपाटाच्या दाराला चिकटवला.

त्याच तक्त्यात रविवारी चार वाजता आणखी एक चौकोन होता. अपूर्वाशी बोलणे. शाळेतल्या बाईंनी सहावीच्या मुलींना एकत्र बसवून सगळं समजावलं होतं, चित्रं दाखवून. घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, तुला काही विचारायचंय." मी कणीक मळत होते. म्हटलं, रविवारी निवांत बोलू. मी ते लिहूनच ठेवलं, विसरायला नको म्हणून. पहिल्या रविवारी आप्पांना ताप. दुसऱ्या रविवारी लॅबने बोलावलं. तिसऱ्या रविवारी नणंद आली, सुभद्राताई, घोडपदेवहून, चार ते आठ बसली. चौथ्या रविवारी मी झोपले. खरं सांगते, झोपले. दर वेळी पुढच्या तक्त्यात तेच दोन शब्द पुन्हा लिहिले. लिहिलं की झाल्यासारखं वाटायचं.

त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. काउंटरवर पंधरा माणसं. एक काका रिपोर्ट मिळाला नाही म्हणून माझ्यावर आवाज चढवत होते. मी फोन कट केला. परत वाजला, परत कट. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, माझी पाळी आली."

रडत होती. तिच्याकडे माझाच जुना फोन, त्याचा कानाचा आवाज गेलेला, म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलायची. बाईंनी शिकवलेला शब्द होता तो. दुसरा शब्द तिला कोण देणार होतं? मी मात्र अडकले ते त्या शब्दावरच. "हळू बोल," मी म्हटलं. मग म्हटलं, "घाबरू नकोस. कपाटात खालच्या खणात पॅड आहेत, घे आणि संडासात जा. मी आल्यावर बघते." समोर काका टकटक करत होते काउंटरवर. मी फोन ठेवला.

कडी लाव म्हणाले नाही. एवढंच राहिलं.

आमचे संडास गॅलरीच्या टोकाला. घरात मोरी आहे, पण तिला नुसता पडदा, आणि खोलीत आजोबा बसलेले. ती गेली. आत तिला ते पॅड नीट लावता येईना. पहिलं वाया गेलं, दुसऱ्याचा चिकटा उलटा लागला. वीस मिनिटं ती त्या अंधाऱ्या संडासात एकटी होती. परत आली तर दार सताड उघडं, खुंटीवर शर्ट नाही, फडताळातला स्टीलचा डबा नाही.

चार पस्तीसला पुन्हा फोन. "आई, आजोबा नाहीत."

मी टॅक्सी करून आले. बॅग घ्यायलाही थांबले नाही. जिना चढून वर आले तर ती दारात उभी, शाळेचा स्कर्ट तसाच, मागे डाग. चाळीतली माणसं आप्पांना शोधायला पळाली होती. तेव्हा मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मी तिचे दोन्ही दंड धरले आणि ओरडले, "कडी का नाही लावलीस? आणि तो शब्द कशाला काढलास तोंडातून? घरात बोलायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?" ती नुसती बघत होती माझ्याकडे. तिचं पोट दुखत असेल, मला विचारायचंही सुचलं नाही.

आप्पांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून मी सुशांतचा नंबर शिवला होता. तो नंबर कामाला आला. आप्पा सरळ टॉवरच्या गेटवर गेले होते, जिथे गिरणीचं गेट होतं तिथेच. तिथला वॉचमन नंतर सुशांतला सांगत होता, "बोल रहा था लेट हो गया, गेट खोलो. मैंने बोला चाचा, उधर जाओ." मग आप्पा दुसरं गेट शोधायला रस्ता ओलांडायला गेले. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, पण उशिरा. डबा पार दुभाजकापर्यंत उडाला होता. रिकामाच होता तो.

दोन दिवस हॉस्पिटलात काढले. गुरुवारी सकाळी आप्पा गेले.

हॉस्पिटलातून मी पुढे घरी आले, खोली आवरायला, माणसं यायच्या आधी. कपाटाच्या दारावर तक्ता होता. मंगळवार, चार ते सहा, अ. आता प्रत्येक येणारा एकच विचारणार, तेव्हा घरात कोण होतं? आणि उत्तर तिथे लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. ही पोर उद्या लग्न होऊन गेली तरी कुणीतरी म्हणणार, हिच्या हातून म्हातारा गेला. मी तिच्या कंपासमधलं खोडरबर काढलं, ते अ खोडलं आणि वर पेनाने सी लिहिलं. गुरुवारचंही खोडलं. एवढं जोरात खोडलं की कागद फाटला थोडा.

सुभद्राताई आल्या, आप्पांच्या पायाशी बसून रडून झालं, आणि मग विचारलंच. "तेव्हा घरात कोण होता गो?"

"मी होते," मी म्हटलं. "लवकर आले होते. दुकानात गेले पाच मिनिटं, कडी लावायची राहिली."

"एवढी कसली गो घाई तुका?" त्या म्हणाल्या. मग तेरा दिवस, जी येईल तिला त्यांनी ते सांगितलं. सुनेने कडी लावली नाही. मी ऐकून घेतलं. माझ्यासारखी बाई, जी कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नाही, तिने तेरा दिवस खाली मान घालून चहा दिला. सुशांतला खरं माहीत होतं. तो माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही, मी त्याला तशीच शपथ घातली होती. चाळीतल्यांनीही पोरीकडे बघून तोंड उघडलं नाही. मला वाटत होतं, मी भरपाई करतेय. पोर वाचली म्हणजे झालं.

पोर कोपऱ्यात बसून असायची. लोक म्हणायचे, आजोबांचा लळा होता. तिला त्या मंगळवारी काय झालं, हे त्या भरल्या घरात मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी चहा गाळत होते.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा कामावर जायला लागले. तक्ता आता नको होता. काकीला यायची गरज नव्हती, सुशांतला धावायची गरज नव्हती. रविवारी दुपारी हाताला काम राहिलं नाही.

अशाच एका रविवारी कपाटाचा खालचा खण आवरायला घेतला. पॅडची पाकिटं जशीच्या तशी होती. त्यांच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली. आत माझ्या जुन्या परकराचे तुकडे, कात्रीने नीट चौकोनी कापलेले. धुतलेले, पण डाग गेले नव्हते. नीट वाळलेही नव्हते, वास येत होता. मी एकेक तुकडा मांडीवर उलगडला.

अपूर्वा गॅलरीतून आत आली. पिशवी बघून दारातच थांबली.

"कधी आली होती?" मी विचारलं.

"बुधवारी."

"अगं मग पॅड का नाही घेतलंस? एवढी आहेत इथे."

"तू मोजतेस ना ती. कमी झाली तर तुला कळलं असतं."

"कळलं असतं तर काय झालं असतं? मला का नाही सांगितलंस, बाळा?"

ती खुंटीकडे बघत होती. खुंटीवर काही नव्हतं. अगदी हळू म्हणाली, "तो शब्द घरात बोलायचा नाही ना."

मी उठून तिला जवळ ओढलं. म्हटलं, आता काही होणार नाही, तो कायदा गेला, बोल तू, मोठ्याने बोल. मीच बोलून दाखवला तिला तो शब्द, दोनदा, तीनदा. ती माझ्या पोटाशी डोकं घट्ट दाबून नुसती नाही, नाही अशी मान हलवत राहिली, आणि तिचे दोन्ही हात तिच्या कानांवर होते.