मासिसकडे तोंड केलेला थांबा

झावेन मेलिक्यानने येरेवानमध्ये आयुष्यभर इमारती बांधल्या, पण पत्ता सांगताना त्यांतली एकही कुणी खूण म्हणून सांगत नसे. एक दवाखाना, दोन शाळा आणि एक पेट्रोल पंप. पंपाचं नाव मात्र होतं, तेही तिथल्या कॉफीमुळे. हे झावेन स्वतःच हसत हसत सांगे. हसू आवरून तो बोले ते एकाच विषयावर : आर्मेनियन माणूस मुळात कुठला?

सुट्टी मिळाली की तो टेप आणि होकायंत्र घेऊन पडक्या वस्त्या मोजत हिंडे. त्याचं म्हणणं असं, की आपले पूर्वज बाहेरून कुठूनही आलेले नाहीत. ते मासिस पर्वताच्या पायथ्याशीच माणसात आले, म्हणून जुन्यातल्या जुन्या घरांचे उंबरठे मासिसकडे तोंड करून असतात. जी घरं हे ऐकत नसत, त्यांना तो 'नंतरची डागडुजी' ठरवून मोकळा होई. अशी डागडुजीची घरं बरीच साठली होती. त्याची बायको आर्पेनिक दातांची डॉक्टर. ती म्हणे, "तुझ्यासारखं आधी ठरवून मग दात तपासले असते, तर एव्हाना निम्मं शहर बोळकं झालं असतं."

अरागाट्स डोंगराच्या उतारावरच्या कारासार गावाला बसथांबा हवा होता. गावची प्रमुख हायकानुश हिने झावेनला फोन केला आणि काम लहान असल्याबद्दल आधीच माफी मागितली. झावेनने पैसेही घेतले नाहीत. आपला सिद्धांत दगडात उभा करायची संधी कोण सोडतो? त्याने लालसर दगडाचा देखणा थांबा बांधला. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू मासिसकडे सताड उघडी, आणि रस्त्याकडे पाठ. बस पाठीमागून येईल, असं हायकानुशने एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, की बस रोजच दिसते, लोकांनी डोंगर बघावा. उद्घाटनाला तुतीची दारू झाली, भाषणं झाली, आणि झावेनला पूर्वज वरून बघताहेत असं वाटलं.

हिवाळ्यात तो वरच्या अंगाची एक पडकी वस्ती मोजून पायी उतरला, तेव्हा गावकरी थांब्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला, भिंतीला पाठी टेकून ओळीने उभे होते. आत का बसत नाही, असं त्याने विचारलं. लोकरीची शाल गुंडाळलेल्या एका म्हातारीने क्षणभर विचार केला.

"आत जरा कोंदट होतं, साहेब," ती म्हणाली.

कोंदट! झावेन ताठ मानेने आत जाऊन बसला. मासिस ढगात गडप होता. तिकडून वारा मात्र थेट आला, बर्फ घेऊन, आणि नाकातून मेंदूपर्यंत गेला. उठावं असं त्याला लगेच वाटलं, पण भिंतीपलीकडे माणसं होती, आणि त्यांच्यासमोर वास्तुविशारदाने स्वतःच्याच वास्तूतून पळ काढणं बरं दिसलं नसतं. तो दात वाजवत बसून राहिला. मग पाठीमागे इंजिनाचा आवाज आला, दार उघडलं, दार मिटलं. गारठलेले गुडघे सरळ करून तो भिंतीला वळसा घालेपर्यंत बस वळणापार गेली होती. साहेब डोंगर बघत बसलेत, कशाला उठवायचं, असं सगळ्यांना वाटलं होतं.

हायकानुशने त्याला रस्त्यावरून जवळपास ओढतच घरी नेलं, शेगडीजवळ बसवलं आणि गहू घातलेलं दह्याचं गरम सूप पुढे ठेवलं.

"खरं सांगा, ताई. थांबा वाईट झालाय?"

"छे हो. भिंत झकास आहे. तिच्यामागे वारा अजिबात लागत नाही."

झावेनला असं हसू फुटलं, की सूप नाकात गेलं. खोकला थांबल्यावर त्याने विचारलं, इतके दिवस कुणी बोललं का नाही?

"फुकट बांधून दिलंत. वर तुम्ही एवढे अभ्यासू. आम्ही म्हटलं, बसायची काही रीत असेल."

हायकानुशचा जावई जीप घेऊन येईपर्यंत झावेन शेगडीपाशी विचार करत राहिला. त्याच्यासारखा तज्ज्ञ उरावर बसलेला असूनही या लोकांनी वाऱ्याकडे पाठ केली होती. पूर्वज तर आर्किटेक्टशिवाय बांधत होते. म्हणजे त्यांच्या हातून चूक व्हायचं काही कारणच नव्हतं. घरी जाऊन त्याने सगळी मोजमापं पुन्हा ताडून पाहिली. डागडुजीची म्हणून बाजूला काढलेली घरं वाऱ्याकडे पाठ करून होती, जवळजवळ सगळी. आणि मासिसकडे उघडणारी, ज्यांच्या जिवावर त्याने आपल्या होऊ घातलेल्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण लिहिलं होतं, ती उत्तरेचा वारा झोंबणाऱ्या खोऱ्यांतली होती. त्यांचीही पाठ वाऱ्याकडेच होती, डोंगर तेवढा आपला समोर आला होता.

आर्पेनिकला त्याने हे सांगितलं, तेव्हा ती टोमणा मारेल अशी त्याची खात्री होती. तिने नुसता त्याच्या कानांना हात लावून पाहिला आणि मलम आणून दिलं.

वसंतात त्याने स्वखर्चाने थांब्याची मागची भिंत फोडून रस्त्याकडे दार काढलं. पुढची बाजू बुजवली आणि डोंगरासाठी एक काचेची खिडकी ठेवली. पुस्तक आलं ते निम्म्या जाडीचं. प्रकाशनाच्या वेळी मागच्या रांगेतून एकाने विचारलं, मग आपण आलो तरी कुठून?

"ते अजून कळलेलं नाही," झावेन म्हणाला. "पण तेव्हा थंडी होती."

पुढल्या वर्षी कारासारच्या शेजारच्या गावानेही थांबा मागितला. या खेपेला झावेन कागद-पेन्सिल न घेता गेला आणि वारा कुठून येतो ते पाहायला एक हात वर करून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तेवढ्यात बस आली. चालकाला वाटलं हा हात दाखवतोय. त्याने गाडी थांबवून विचारलं, कुठे जायचंय? झावेनला कुठेच जायचं नव्हतं. पण आत हीटर चालू होता. तो चढला.