चौथी ‘ब’चा पूर्ण पट

कर्वेनगरातल्या त्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मुलं कमी आणि नियम जास्त. नव्या हेडमिस्ट्रेस सिस्टर फिलोमिना जूनमध्ये आल्या आणि हजेरीच्या मागे लागल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसावर राग काढणं सोपं असतं.

सप्टेंबरात मारियामातेच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना असते. रोज मुलं घरून फुलं आणतात आणि गाणं म्हणत मूर्तीपुढे वाहतात. वर्गात ख्रिस्ती पोरं हाताच्या बोटांवर, बाकी बौद्ध, मराठे, बार्शी-लातूरकडून पोटासाठी आलेल्यांची. फुलं सगळेच वाहतात. यंदा सिस्टरांनी जाहीर केलं, की नऊही दिवस ज्या वर्गाचा पट पूर्ण, तो वर्ग मातेची पालखी उचलणार. पुढचा दांडा मॉनिटरच्या खांद्यावर.

“खरा लीडर आपलं एकही माणूस मागे ठेवत नाही,” त्या असेंब्लीत म्हणाल्या. शिक्षकांनी जांभया दिल्या. चौथी ‘ब’ची मॉनिटर दीक्षा कांबळे हिने मात्र ते खरं मानलं.

आठ दिवस तिने वर्ग अक्षरशः ओढून आणला. एकाला ताप होता, तर त्याच्या आईशी भांडली. एकीला बारशाला जाऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी पहाटे तिच्याच वर्गातल्या, तिच्याच वस्तीतल्या अपेक्षाचे वडील दवाखान्यात वारले. उत्तरेश्वर माने, कंपनीची बस चालवायचे. आई चार घरी स्वयंपाकाला जायची, म्हणून पोरीला शाळेत सोडणं-आणणं त्यांच्याकडेच. आता त्यांना घरी आणून मग वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं होतं. अपेक्षा एकच विचारत होती, पप्पा कधी येणार, मला बघायचंय.

दीक्षा गणवेश घालून त्यांच्या दारात उभी राहिली. शेजारच्या सुशीलाबाईंना वाटलं, या रडारडीत पोर बसून काय करेल, मयताची गाडी आली की आपणच जाऊन घेऊन येऊ. त्यांनीच अपेक्षाची वेणी घातली. दीक्षाने नोव्हेनासाठी फूल हवं म्हटल्यावर मयतासाठी आणलेल्या शेवंतीतली दोन काढून दिली.

हजेरीला अपेक्षा “हजर” म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दीक्षाने वर्गशिक्षिका ललिता टीचरना सगळं सांगितलं, अगदी अभिमानाने. टीचरचा खडू हातातच राहिला.

मधल्या सुट्टीआधी सुशीलाबाई धापा टाकत गेटवर आल्या. गाडी आली होती. वॉचमन महिपतीने कार्ड मागितलं. नियम सिस्टरांचा: कार्डावर ज्याचा फोटो, त्याच्याच हाती मूल. अपेक्षाच्या कार्डावर एकच फोटो होता, उत्तरेश्वरचा.

“यांना पाठवा,” महिपती म्हणाला.

“अहो, ते गेले म्हणून तर पोर न्यायचीय.”

“मग सिस्टरांची सही आणा. माझी नोकरी जाईल, बाई.”

निरोप मिळताच ललिता टीचर चॅपलकडे पळाल्या. मिस्सेची प्रार्थना चालू होती. सिस्टर पहिल्या रांगेत गुडघ्यांवर, डोळे मिटून. टीचरनी वाकून तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टरांनी डोळे न उघडता तळहात वर केला. थांबा. आणि टीचर थांबल्या. मिस्सेत बोलणं पाप, असं त्यांना घरात शिकवलं होतं. शिवाय त्यांची नेमणूक कायम नव्हती. यातलं नेमकं कुठलं भारी पडलं, ते त्यांचं त्यांना माहीत. फादरांनी सावकाश प्रवचन केलं. विषय होता आईची माया.

कळल्यावर सिस्टर स्वतः गेटपर्यंत धावल्या, पोरीला घेऊन रिक्षात बसल्या. वस्तीत पोचल्या तर दारात सांडलेलं पाणी आणि तुडवलेली फुलं. वैकुंठात नंबर लागला होता, थांबता येईना. वर कुणीतरी शहाणा म्हणाला होता, पोरीने न बघितलेलंच बरं. सिस्टरांनी रिक्षा तशीच वैकुंठाकडे वळवायला सांगितली. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं होतं. अपेक्षा दाराकडे बघत राहिली. पाठीवर दप्तर तसंच.

दुपारी पालखी काढायची होती. बँड आला होता, पालक आले होते, आता रद्द कसं करणार. सिस्टरांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी हळूच चौथी ‘ब’ म्हटलं. पोरं पुढे झाली. दीक्षा जागची हलली नाही.

“सिस्टर, अपेक्षाची गैरहजेरी मांडा.”

“ती आली होती ना, बाळा. हजेरी झाली.”

“मी आणली होती. ती आली नव्हती.”

सिस्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला. ती मागे सरकली. बँडवाल्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी सुरू केलं. पुढचा दांडा चौथी ‘अ’ची मॉनिटर पूर्वा हिला दिला. तिच्या आईने व्हिडिओ काढला.

सोमवारी अपेक्षाच्या आईच्या मोबाईलवर शाळेचा मेसेज आला: पालक-कार्डातील बदलासाठी दोन फोटो त्वरित जमा करावेत. दीक्षा त्या दारावरून शाळेला गेली. तिने हाक मारली नाही.