उत्तर द्यायचं नाही

“आई, झाले का साफ?”

न्हाणीच्या दारातून रागिणीनं दोन्ही हात पुढे धरले. आशाबाई कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. त्या हातांकडे नुसतं पाहिलं तरी तोंडातून ‘झाले’ निसटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“सांग नं व. झाले का?”

आशाबाईनं सगळा राग कणकेवर काढला. आठवीतली पोरगी, पण दिवाळीपासून तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बाक घाण, दप्तर घाण, मैत्रिणींचे हात घाण. धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या तरी धुणं काही संपेना. आणि सुरुवातीला घरादाराला याचं कौतुक! ‘आमची रागिणी लय टापटीप,’ असं आशाबाईनंच हिवरखेडभर मिरवलं होतं.

शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी रागिणीला एकटीला बसवून बराच वेळ बोलतं केलं, मग आईबापांना आत घेतलं. हा आजार आहे, त्याला इलाज आहे, इथवर ठीक होतं. पुढचं ऐकून आशाबाई चाट पडली.

“ती विचारेल, हात साफ झाले का? तुम्ही उत्तर द्यायचं नाही. तुमच्या ‘हो’नं तिची भीती घडीभर निवते आणि जास्त होऊन परत येते. ती आपली आपण उतरते, हे तिला अनुभवू द्या. तिच्याशी माझं ठरलंय, ती तयार आहे.”

“अन् रडली तं?”

“रडू द्या. जवळ बसा. पण उत्तर नाही.”

सांगायला काय जातं मॅडमचं! तरी आशाबाईनं जीभ आवरून नेम पाळला. आठवडा सरला, पण पोरीत काडीचा फरक नाही.

आजही तेच. रागिणीची नजर आईवरून सरकून ओसरीकडे गेली आणि तिचे खांदे सैल पडले. आशाबाईनं गर्रकन वळून पाहिलं. ओसरीवर तिचा नवरा गजेंद्र बसला होता आणि पोरीकडे बघून मान डोलवत होता.

“तुमी सांगून राह्यले तिले?”

“म्या एक शब्द तरी काढला का? मॅडमनं बोलाची मनाई केली. मुंडी हालवाची नाई केली.”

“इथं मी तोंड शिवून बसली, अन् तुमी मुंडी हालवता! पोरीले जलमभर न्हाणीतच बसवता का?”

“मले तिचं रडनं पाहावत नाई व,” गजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. पाहावत तर तिलाही नव्हतं. पण हळवं व्हायचा मानही यांनीच घ्यायचा म्हटल्यावर तिचं डोकं आणखी फिरलं.

“मंग वावरात जा. इथं बसू नोका.”

गजेंद्र चपला घालून निघून गेला. बाप गेलेला पाहताच रागिणीनं भोकाड पसरलं.

“तू माही मायच नाई!”

आशाबाई कणकेच्या हातांनी तशीच तिच्याजवळ येऊन बसली. एका शब्दाचं काम होतं, आणि तोच शब्द द्यायचा नव्हता. मॅडमचा, नवऱ्याचा, नळाला बारमाही येणाऱ्या पाण्याचासुद्धा तिला संताप आला. पोर रडून रडून थकली, आईच्याच मांडीवर कलंडली आणि पुन्हा हात न धुता झोपली.

पुढे असे कितीतरी दिवस गेले. काही दिवस बरे, काही पुन्हा पहिल्यासारखे. अकोल्याच्या फेऱ्या चालूच होत्या.

मग एका सकाळी रागिणीनं शाळेचा ड्रेस घातला, हात धुतले आणि पुसले. आशाबाई तवा खाली ठेवून प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. रागिणीनं स्वतःच्या हातांकडे एकदा पाहिलं, दप्तर उचललं आणि दाराची कडी काढली.

“येतो व आई.”

आशाबाई दारात आली. गल्लीच्या वळणावर दप्तर दिसेनासं झालं, तेव्हा आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती हळूच म्हणाली, “झाले व माय. साफ झाले.”