एक्स्चेंजवाल्या आईंचे फोन

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आवाज तसाच खणखणीत. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही त्यांची "अगं, जरा ये गं" ही हाक वरच्या मजल्यापर्यंत जायची.

हाक असायची धाकट्या सुनेला. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. आईंसाठी तिने रजा घेतली. रजा वाढली, मग बिनपगारी झाली. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. कौतुक मात्र भरपूर. मोठे दीर फोनवर म्हणायचे, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." नणंद म्हणायची, "वहिनी, तुझ्यासारखी सून शोधून सापडायची नाही." आणि नवरा, "आपल्या घरात आईला बाहेरची बाई हात लावणार नाही," असं छाती फुगवून सांगायचा आणि डबा घेऊन कामाला निघून जायचा.

एवढी स्तुती झाल्यावर 'मला जमत नाहीये' म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? सून आपली हसायची.

एका सकाळी तिने चादर बदलली, आणि लगेच सासूबाईंच्या हातून त्या कोऱ्या चादरीवर अख्खा चहा सांडला.

"कप जरा जवळ ठेवायचा ना," सासूबाई म्हणाल्या.

"मग घ्या तुमचा तुम्ही! मला काय दहा हात आहेत?"

सून न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडली. बाहेर आली ती मान खाली घालून.

"चुकलं, आई."

"काही चुकलं नाही. चादर राहू दे, बस इथे." सासूबाईंनी तिचा हात धरला. "माझी सासू अंथरुणाला होती, तेव्हा मी काय करायचे माहितीये? ड्यूटीला निघाले की जिन्यात थांबून कठड्याला शिव्या द्यायचे. मग एक्स्चेंजमध्ये जाऊन गोड आवाजात, 'नमस्कार, कुठला नंबर देऊ?'"

"तुम्ही? सगळे तर म्हणतात, तुम्ही हसतमुखाने केलंत."

"सगळे म्हणजे जे तेव्हा इकडे फिरकलेच नाहीत, ते!"

सुनेला खुदकन हसू आलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "मला ड्यूटी तरी होती. तुझी सुटली, ते मी पडल्या पडल्या बघत राहिले. तू हसत होतीस, माझी सोय होत होती. आण तो फोन."

पहिला नंबर थोरल्याचा. "शनिवार-रविवार तू यायचंस. बायकोला पाठवू नकोस, मी तुला जन्म दिलाय, तिला नाही."

"पण आई, मला सवय नाही गं."

"तुझे लंगोट बदलायची मलाही नव्हती."

मग लेकीला. "वहिनीचं कौतुक पुरे. बुधवारी ये आणि करून दाखव."

शेवटी धाकट्याला, त्याच्या ऑफिसात. "रोज सकाळी बाई येणार, दिवसभर राहणार. मला चालतंय."

"लोक काय म्हणतील, आई?"

"त्यांना माझा नंबर दे."

थोरले आले. पहिल्याच दिवशी आईला कुशीवर वळवताना घामाघूम झाले. रविवारी संध्याकाळी धाकट्या भावजयीला हळूच म्हणाले, "हे तू रोज करतेस?" नणंद आधी फुगून बसली, मग दोन बुधवार चुकवून आली. बाईचं आणि सासूबाईंचं रोज कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि दोघींनाही त्यात मजा येत असावी. शेजारणी बोलायच्या ते बोलल्याच, की सासू परक्या बाईच्या हवाली आणि सून निघाली नटून. सुनेला लागलं ते. तरी ती निघाली.

दुकानात पहिल्याच काचेचा कोपरा उडाला. मालकांनी सुस्कारा सोडला आणि दुसरी काच पुढे केली. हात हळूहळू बसत गेला. दुपारी तिने डबा उघडला, पहिला घास घेतला. कुठूनच हाक आली नाही, तेव्हा तिने पाय लांब करून सगळा डबा सावकाश संपवला.