तीन भोकांची बटणं

आयुष्यात मी दोनदाच खरं बोललो. एकदा लग्नाच्या वेळी, वय सांगताना. त्याचा पस्तावा अजून होतो. दुसऱ्या वेळची ही हकिगत.

मनोरुग्णालयात मी तेवीस वर्षं धुलाईखान्याचा मुकादम होतो. तिथलं यंत्र इतकं जोरात फिरायचं, की मोठ्या डॉक्टरांची पँट एकदा स्वेटर होऊन बाहेर आली. असल्या गोष्टी मी नातीला लहानपणी जेवताना सांगायचो. भाजी खपवायची असली की एखादं भूतही घालायचो. त्यातली एक बटणवाली मावशी. कात्री घेऊन फिरते आणि भेटेल त्याची बटणं कापते, जिभेसकट!

पुढे रुग्णालय बंद पडलं. नात मोठी होऊन कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला लागली. मंगळवारी म्हणाली, "आजोबा, तुमचं इस्पितळ केलंय, खेळून बघा."

पडद्यावर मी म्हणजे नुसते दोन हात आणि एक टॉर्च. ओसाड व्हरांडा, पोपडे निघालेल्या भिंती, कलंडलेल्या खाटा. मजा वाटली. पण नातीनं बटण दाबून धुलाईखान्याचं दार लाथेनं उघडलं आणि आतून मावशी कात्री परजत धावत आली. चेहऱ्याच्या जागी नुसता जबडा.

मावशी खरी होती. तिथलीच रुग्ण. अठरा वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून कपड्यांना बटणं लावायची.

"ही बाई बदल," मी म्हणालो.

"अहो, तीच तर खेळाचा जीव आहे! आणि सोमवारी खेळ बाहेर पडतोय."

"मी थाप मारली होती गं. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"आणि ही थाप नाही कशावरून?"

सत्तर वर्षांत कमावलेली पत!

"बरं," ती हसली, "त्या दारातून जिवंत पुढे जाऊन दाखवा. मग विचार करते."

मी हट्टाला पेटलो. माझ्या एका थापेपायी ती बिचारी घरोघरी जबडा उघडून धावणार होती. बुधवारी सकाळी बसलो तो शुक्रवार दुपारपर्यंत एकसष्ट वेळा मेलो. अंगठ्याला फोड आला.

"बास करा आता," नात म्हणाली.

"बासष्टावा राहिलाय."

ती शेजारी बसून बघायला लागली. "आजोबा, दाराशी थांबलात की ती येऊन कापणारच. सरळ लाथ मारा आणि पळा. टेबल काय वाजवताय?"

मी खाली पाहिलं. माझं बोट टेबलावर दोनदा टकटक करत होतं. मला पत्ताच नव्हता.

"त्या दाराला लाथ मारत नाहीत," मी म्हणालो. "दोनदा टकटक करायची, आपलं नाव सांगायचं, आतून 'या' येईपर्यंत उभं राहायचं. मावशी दचकली की सुई बोटात जायची. मोठे डॉक्टरसुद्धा उभे राहायचे."

नातीनं विचारलं, "यात पुढे काही उडालं, फुटलं, स्वेटर झालं?"

"नाही. कपाटातला माझा खाकी कोट काढ."

पाच बटणं, चार-चार भोकांची. प्रत्येकात दोरा तीनच भोकांतून. "बटणालाही श्वास लागतो, म्हणायची. वीस वर्षं वापरला, एक बटण सुटलं नाही."

नातीनं एकेका बटणावरून अंगठा फिरवला. कोट घेऊन ती आपल्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "तिला काढलं तर पुढचं सगळं कोसळतं."

"कोसळू दे. मी आहे टेकू लावायला."

शनिवार-रविवार मी तिच्या शेजारी ठाण मांडलं. स्टूल केवढं, रीळ कुठे ठेवायची, दोरा दातानं कसा तोडायची, सगळं सांगितलं. तिखटमीठ न लावता! घाम फुटला मला.

सोमवारी खेळ बाहेर पडला. आता त्या दाराला लाथ मारली की आपलाच पाय मुरगळतो. टकटक करून नाव सांगितलं आणि थांबलं, तरच मावशी आत घेते, तुटलेलं बटण लावून देते आणि पुढची किल्ली हातात ठेवते. घाईवाल्यांच्या तक्रारींचा पाऊस पडलाय, दार बिघडलंय म्हणून. नात प्रत्येकाला एकच उत्तर पाठवते: थांबा.

मीही टकटक केली. नाव सांगितलं. थांबलो. बराच वेळ थांबलो.

आतून आवाज आला, "या, थापाडे!"

मी चमकून नातीकडे पाहिलं. मावशीनं मला ठेवलेलं हे नाव मी तिला सांगितलंच नव्हतं.

"कोटाचं अस्तर उलटून पाहिलं मी," ती म्हणाली. "लाल दोऱ्यानं शिवलंय."