तीन मिनिटांची वाळू

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य तीन मिनिटांचे आहे. ते संपले की कुणीतरी मला उलटे करते आणि ते पुन्हा सुरू होते. मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. दोन काचेचे फुगे, मध्ये केसाएवढी वाट आणि भोवती ऑलिव्हच्या लाकडाची चौकट. चौकटीचा एक खांब आता राहिलेला नाही.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातल्या एका कारागिराने मला फुंकून घडवले. कशासाठी म्हणाल, तर अंडी उकडण्यासाठी! कॉफीचे दुकान चालवणाऱ्या पांडेलिसच्या बायकोने मला बोटीने या बेटावर आणले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवले. वाफेने माझी काच धुरकट व्हायची. वाळू झरताना मला गुंगी यायची आणि खिडकीतला समुद्रही हळूहळू खाली झरतो आहे, असे वाटायचे. ते दिवस मला अजून अर्धवट झोपेत आठवतात.

मग पांडेलिसच्या दुकानात टेलिफोन आला. अख्ख्या गावात तेवढा एकच. गावातली निम्मी मुले जहाजांवर होती, त्यामुळे फोनपाशी रांगा लागू लागल्या, भांडणेही होऊ लागली. पांडेलिसने मला उचलून फोनशेजारी मांडले. माझी वाळू संपली की बोलणे संपले. कुणी कुरकुर केलीच तर तो म्हणायचा, "माझ्यावर कशाला डाफरता? वाळूला विचारा!"

माझा रुबाब तेव्हा काही औरच होता. पण एक गोष्ट जिवाला लागायची. या गावची रीत अशी, की फोनवर बोलणाऱ्याने दुकानातल्या प्रत्येकाचा नमस्कार पोचवायचाच. एखादे नाव राहिले तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून बसे. बिचारी कल्लिओपी! तिचा इग्नातिस मालवाहू जहाजावर होता. जहाज बंदराला लागले की तो फोन करायचा. "बाळा, पांडेलिसकाकांचा नमस्कार. मिर्सिनीमावशीचा नमस्कार. तिचा गुडघा बरा आहे..." एवढे होईतो माझा शेवटचा कण खाली पडायचा. 'तू कसा आहेस' हे विचारायचे राहूनच जायचे. डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत ती घरी जायची, आणि मला माझीच लाज वाटायची.

तिचा नवरा अर्गिरिस फोनला कधी शिवला नाही. मुलाने बापाची होडी सोडून परक्या जहाजावर नोकरी धरली, तेव्हा "आजपासून तू मला मेलास," असे तो म्हणाला होता. चार वर्षे बापलेकात अबोला. फोन वाजला की अर्गिरिस दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा. पाठ आमच्याकडे असायची, कान मात्र आत.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असे अथेन्सच्या डॉक्टरांनी सांगितले. गुरुवारच्या बोटीने जायचे ठरले. बुधवारी सकाळी इग्नातिसचा फोन यायचा होता.

त्या सकाळी दुकान गच्च भरले होते. फोन वाजला आणि अर्गिरिस आत आला.

"अर्गिरिस, माझा नमस्कार विसरू नकोस हं!" मिर्सिनीमावशी म्हणाली. "आणि गुडघ्याचं सांग—"

"मावशी, आज कुणाचाच नमस्कार नाही. रुसायचं तर खुशाल रुसा. पुढच्या आठवड्यात मला उलटून बोलताही येणार नाही."

पांडेलिसने मला उलटे केले.

"हॅलो, आई?" पलीकडून आवाज आला. अर्गिरिसने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. मी जन्मात पहिल्यांदा थांबायची धडपड केली, पण वाळू कुठली ऐकते!

"अहो, बोला की," कल्लिओपी कळवळून म्हणाली. "तो ठेवून देईल."

"ए मासोळ्या," अर्गिरिस म्हणाला. लहानपणी तो पोराला याच नावाने हाक मारायचा.

पलीकडून, "बाबा?"

"हो, मीच. तू मला मेलास म्हणालो होतो ना, ते चुकलं माझं. शनिवारी डॉक्टर माझा आवाज काढून घेणार आहेत. म्हणून तो नीट ऐकून ठेव."

"काय बोलताय बाबा? कसला आवाज?"

"ते आई सांगेल. ऐक तू."

आणि तो हाका मारू लागला. पहाटे पोराला उठवताना मारायचा तशी एक. होडीवरून किनाऱ्याकडे मारायचा तशी एक, लांबवर जाणारी. रागावलेली. लाडाची. हसत हसत. "इग्नातिस! ए मासोळ्या! चल, घरी ये!" मिर्सिनीमावशीने तोंडात रुमाल कोंबला होता.

माझी वाळू संपली. पांडेलिसने ते पाहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यावर पालथी घातली. रांगेतले कुणी ब्रही काढला नाही. टोपीच्या अंधारात मी ऐकत राहिले.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि मी फळीवर धूळ खात पडले आहे. अर्गिरिस मुका होऊन नऊ वर्षे जगला. इग्नातिस परत आला, तोही आता म्हातारा झाला. परवा दुकानात कुणीतरी त्याला विचारले, "बापाचा आवाज आठवतो का रे?"

"कोणता?" तो म्हणाला. "रागावलेला की हसणारा? सगळे आहेत माझ्याकडे."

मित्रांनो, तुमची वाळू किती उरली आहे, हे मला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. कुणाला हाक मारायची राहिली असेल, तर आधी तेवढी मारून घ्या.