फाट्यावरून सरळ

ताईनं फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी चारला टेम्पो निघणार. यायचं तर त्याआधी ये. नाहीतर मग येऊच नकोस." आणि फोन ठेवला. ती मुलाकडे राहायला चालली होती, दोन दिवसांच्या अंतरावर, कायमची.

मी चौतीस वर्षं बस चालवली. एकच रूट, आमच्या गावापासून बंदरापर्यंत. ताईच्या गावाचा फाटा त्याच रस्त्यावर. तिथून तिचं घर चौदा किलोमीटर, अगदी समुद्राला लागून. रोज दोनदा मी त्या फाट्यावरून गेलो आणि वळलो एकदाच, तेही उशिरा. ड्युटीवर वळता येत नव्हतं, आणि सुट्टीच्या दिवशी मी मेल्यासारखा झोपायचो. दर वेळी म्हणायचो, पुढच्या महिन्यात नक्की, ताई! भावजी गेले तेव्हासुद्धा बदली ड्रायव्हर मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तेव्हा ती म्हणाली होती, "सगळ्या जगाला वेळेवर पोचवतोस, माझ्याकडे यायलाच तुला उशीर होतो." मला भयंकर राग आला होता. खरं बोललं की येतोच.

आता रिटायर झालोय, म्हणजे सबबीही संपल्या. मोटरसायकल काढली. वीस वर्षांची आहे, पण बिचारीनं घर ते डेपो यापलीकडे जग पाहिलेलं नाही. बायको म्हणाली, "मी येऊ का सोबत?" म्हटलं, "नको, शिव्या एकट्यानं खाल्लेल्या बऱ्या."

निघालो साडेअकराला. का, तर माझी गाडी साडेअकराची होती! लवकर निघावं एवढी अक्कल कुणाला? पहिल्याच थांब्यावर हातानं आपोआप वेग कमी केला आणि मी नीट डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. एक बाई पिशवी घेऊन उठल्या, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि परत बसल्या. पुढचे सगळे थांबे मी तसेच घेतले. लाज वाटत होती, पण हात ऐकेनात.

वाटेत ताईशी काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. सुरुवात भावजींपासून करावी की तब्येतीपासून? आधी माफी मागावी की आधी पाया पडावं? या नादात गाडी आपली चालली होती. भानावर आलो तेव्हा मी बंदराच्या स्टँडवर होतो, दोन बसच्या मधोमध, फलाट क्रमांक तीनवर. घड्याळात पावणेतीन.

कंट्रोलर खिडकीतून डोकावला. "अहो, तुम्ही रिटायर झालात ना?"

"ताईकडे चाललो होतो, फाट्यावरून आत. चारच्या आत पोचायचंय."

"मग इथं काय करताय?"

काय सांगणार, कपाळ! फाटा पन्नास किलोमीटर मागं राहिला होता. माझा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. म्हणाला, "मागं फिरलात तर चार काही गाठत नाही. किनाऱ्यानं जा. पस्तीस किलोमीटर. रस्ता नावालाच आहे, पण मोटरसायकल जाईल."

मला ठाऊक नसलेल्या रस्त्यावर मी उभ्या आयुष्यात गाडी घातली नव्हती. तरी घातली.

आणि काय सांगू! रोज समुद्राच्या गावाला जायचो, पण समुद्र कायम स्टँडच्या भिंतीमागं. आता तो शेजारून चालला होता. मिठागरांच्या बांधावरून रस्ता, मग सुरूची झाडं, मग होड्यांच्या मधून वाट काढत दोन चाकं जातील एवढीच पायवाट. एकही थांबा नाही. मी मोठ्यानं हसलो, एकटाच, वेड्यासारखा. असल्या जागी माझी बहीण चाळीस वर्षं राहिली आणि मी कधी धड बघायलासुद्धा आलो नाही, असं मनात आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

भरल्या डोळ्यांनी वाळू दिसली नाही. पुढचं चाक रुतलं आणि मी आडवा. क्लचचा दांडा वाकला, गुडघा सोलला. जाळं विणत बसलेली एक बाई धावत आली. "काका, लागलं का?"

"लागलं नाही हो, उशीर झाला."

तिनं हात लावला तेव्हा कुठं गाडी उभी राहिली. दांडा दगडानं ठोकून सरळ करण्यात अर्धा तास गेला. चार वाटेतच वाजले. परत फिरावं असं एकदा वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बंद दार तरी बघून यावं म्हणून पुढं गेलो.

ताईच्या दारात पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा कमी होते. टेम्पो उभा होता. सामान चढवलेलं, वरून दोरी आवळलेली. ताई पायरीवर बसली होती.

टेम्पोवाला खेकसला, "हेच का ते? पाऊण तास झाला, बाई म्हणतात अजून एकजण यायचाय!"

पाऊण तास. आरशात पळत येणारी माणसं दिसायची तरी मी गिअर टाकून निघून जायचो. दोन मिनिटंसुद्धा कुणासाठी थांबलो नाही.

"ताई, चुकलं माझं," सगळ्या ठरवलेल्या बोलण्यातलं एवढंच आलं.

"ते मला माहीत आहे. पडलास कुठं?" तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "या वयात वाळूत गाडी घालतात का, गाढवा? बस इथं."

मी बसलो. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. जन्माची सवय, मी ताडकन उठलो. तिनं शर्ट धरून खाली बसवलं.

"वाजवू दे त्याला."

मग ती स्वतः उठली, टेम्पोकडे गेली आणि त्याला दोरी सोडायला सांगितलं. तो पार वैतागला. "आता आणि काय राहिलं, बाई?"

"स्टोव्ह काढ, आणि दोन कप," ताई म्हणाली. "भाऊ आलाय माझा."